हॅरोमधलं पोलिंग स्टेशन आणि २०१७ ची ती घाईची निवडणूक: इथल्या मतदान सेवेचा रिव्ह्यू

ब्रिटनमधे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना अजूनही माहीत नसतं की भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक असाल, इथे राहायचा व्हिसा असेल आणि वय १८ पूर्ण असेल तर पार्लमेंटच्या निवडणुकीलाही तुमचं नाव यादीत लागतं, ब्रिटिश पासपोर्ट घ्यावा लागत नाही. मी सांगलीची, २०१४ मधे लंडनमधल्या हॅरोला आले, आणि २०१५ पासून ही सेवा वापरतेय. मोबाइल कंपनीचा, डिलिव्हरीवाल्याचा रिव्ह्यू आपण लगेच टाकतो, मग ज्या सेवेवर आपला व्हिसा, आपली शाळा, आपलं हॉस्पिटल ठरतं तिच्याबद्दल कोणी का लिहीत नाही असं मला नेहमी वाटतं, म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय. आणि लिहिताना २०१७ बद्दलच जास्त येणार, कारण या सेवेची खरी परीक्षा मी त्या वर्षी पाहिली.

आधी थोडं मागचं. १८ एप्रिल २०१७, ईस्टरच्या लाँग वीकेंडनंतरचा पहिलाच दिवस, आम्ही सगळे ऑफिसमधे ईमेल उपसत बसलेलो आणि अकराच्या सुमाराला कोणीतरी फोनवर वाचून दाखवलं की पंतप्रधान थेरेसा मे डाउनिंग स्ट्रीटच्या दाराबाहेर उभ्या राहून ८ जूनला निवडणूक घ्यायची म्हणतायत. कोणाचा विश्वासच बसेना. मुदत २०२० पर्यंत होती, आणि मुदतीआधी निवडणूक घेणार नाही असं त्या स्वतः आधी सांगत आलेल्या. पण २०१५ मधे आधीचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना मिळालेलं बहुमत होतं जेमतेम १२ चं, ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायची, नोटीस मार्चअखेर देऊन झालेली, आणि पोलमधे मे बाईंचा कंझर्व्हेटिव्ह पक्ष विरोधी लेबर पक्षाच्या वीसेक टक्के पुढे दिसत होता. वेल्समधे नवऱ्याबरोबर डोंगरात चालायला गेल्या होत्या तिथे त्यांचं ठरलं असं सांगितलं गेलं. तेव्हाच्या कायद्याने पार्लमेंटची दोन तृतीयांश संमती लागायची, तीही दुसऱ्याच दिवशी मिळाली, ५२२ विरुद्ध १३. विरोधी पक्ष तरी निवडणूक नको असं कसं म्हणणार.

मला मात्र त्या दिवशी पटकन आठवलं ते १९९९. माझं पहिलं मत सांगलीत त्या वर्षी पडलं, लोकसभा आणि विधानसभा एकदमच. विधानसभेची मुदत खरं तर पुढच्या मार्चपर्यंत होती, पण युती सरकारने लोकसभेच्या हवेवर आपलंही गलबत पुढे काढावं म्हणून सहा महिने आधीच विधानसभा विसर्जित केली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढत होते, म्हणजे विरोधक फुटलेले, कागदावर सगळं सोपं. निकाल आला तेव्हा शिवसेना ६९ आणि भाजप ५६, मिळून १२५, म्हणजे १९९५ मधल्या १३८ पेक्षाही कमी, आणि ऑक्टोबरमधे विलासराव देशमुखांचा शपथविधी झाला. बाबा तेव्हा म्हणाले होते, हातातले सहा महिने घालवून बसले. त्यामुळे ऑफिसमधे सगळे म्हणत होते की मे बाई आता शंभराच्या वर बहुमत घेणार, तेव्हा मी एवढंच म्हटलं की थांबा, लोकांना आधी विचारू तर द्या.

आता सेवेकडे येते. नाव नोंदवायची सोय ऑनलाइन आहे, सरकारी साइटवर पाच मिनिटं लागतात असं लिहिलंय आणि खरंच तेवढीच लागतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, कुठले नागरिक, नॅशनल इन्शुरन्स नंबर, बस. स्कॅन नाही, सह्या नाहीत, रेशन कार्डाची झेरॉक्स नाही, कोणाच्या टेबलापुढे उभं राहणं नाही. मी २०१७ च्या फेब्रुवारीत घर बदललेलं, म्हणजे नाव जुन्या पत्त्यावर, आणि मला वाटत होतं पुढची निवडणूक २०२० ला आहे, करू सावकाश. ती घोषणा झाल्यावर त्याच संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत माझं नाव नव्या पत्त्यावर टाकून झालं, काही दिवसांनी पत्र आलं आणि मग मतदानाचं कार्ड. शेजारचे डोंबिवलीचे काका, १९७२ पासून इथे आहेत, ते म्हणाले पूर्वी घरी कागद यायचा आणि घरातल्या कर्त्याने सगळ्यांची नावं भरून पाठवायची. आता ज्याने त्याने आपलं आपलं करायचं. हे मला जास्त बरं वाटतं, बाईचं नाव यादीत लागायला घरातल्या पुरुषाने फॉर्म भरायची वाट बघावी लागत नाही.

एक खोट मात्र मोठी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. तुमचं नाव आधीच यादीत आहे का हे ऑनलाइन बघता येत नाही, कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, फोन करून विचारावं लागतं. मग काय होतं, अचानक निवडणूक लागली की लोक घाबरून पुन्हा पुन्हा अर्ज करतात, आणि कौन्सिलच्या लोकांना एकेक डुप्लिकेट अर्ज हाताने तपासावा लागतो. २०१७ मधे घोषणेपासून शेवटच्या तारखेपर्यंत २९ लाखांच्या आसपास अर्ज आले, त्यातले सहा लाखांहून जास्त एकट्या शेवटच्या दिवशी, २२ मे ला. त्या दिवसाच्या अर्जांपैकी जवळजवळ अडीच लाख २५ वर्षांखालच्यांचे. यातले कितीतरी डुप्लिकेट असणार हे धरूनसुद्धा मला हा आकडा फार मोठा वाटतो. जी पोरं मत देत नाहीत म्हणून सगळ्या पक्षांनी धरलेलं होतं ती रात्री उशिरापर्यंत फोनवर नावं टाकत होती, आणि साइट चालू राहिली. वर्षभर आधी ब्रेक्झिटच्या मतदानाच्या वेळी हीच साइट शेवटच्या रात्री बसली होती आणि मुदत वाढवावी लागली होती, या वेळी तसं झालं नाही.

पोस्टाने मत द्यायची सोय आहे, पण इथे माझा अनुभव मिश्र आहे, म्हणजे माझ्या मैत्रिणीचा. मुदतपूर्व निवडणुकीत सर्वात जास्त पंचाईत कोणाची होत असेल तर ती तिकिटं आधी काढून बसलेल्यांची. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मे अखेरीच्या शाळेच्या सुट्टीला जोडून भारतात जातात, आंबे असतात, लग्नं असतात. ती पुण्याला जाणार होती म्हणून पोस्टल मतासाठी अर्ज केला, पण उमेदवारी अर्जांची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाहीत, त्यामुळे पाकीट उशिराच निघतं, आणि ते तिच्या दाराशी आलं तेव्हा ती कर्वेनगरात आईकडे होती. तिच्या कौन्सिलचं नाव घेत नाही, त्यांनी फोनवर नीट बोललं एवढंच, पण मत गेलं ते गेलं. तेव्हा कोणालाही मी सांगते की परगावी असाल तर पोस्टलच्या भानगडीत न पडता प्रॉक्सी करा, म्हणजे विश्वासातला माणूस तुमच्या वतीने जाऊन मत देतो. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं, कारण आपल्याकडे सैनिकांसारखे काही अपवाद सोडले तर असं कोणी कोणाच्या नावाने मत दिलं तर तो गुन्हा.

आता या निवडणुकीत काय फिरलं ते माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीत फिरलं, म्हणून थोडं सविस्तर. आमच्या समोर एक इंग्लिश आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, नवरा गेलेला, सेमी-डिटॅच्ड घर स्वतःचं, हॅरोतल्या घरांच्या किमती तुम्हाला माहीत आहेत. आयुष्यभर कंझर्व्हेटिव्हला मत दिलेलं. त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ केअरर यायची. १८ मे ला मे बाईंनी हॅलिफॅक्सला जाहीरनामा काढला, त्यात होतं की घरी मिळणाऱ्या केअरचे पैसे ठरवताना यापुढे राहत्या घराची किंमतही धरणार, एक लाख पौंड तुमच्याकडे राहतील अशी हमी, बाकीचं तुमच्या मागे घर विकून वसूल. आधी घरी राहून केअर घेणाऱ्याचं घर हिशोबात नसायचं. हिवाळ्यात हीटिंगसाठी प्रत्येक पेन्शनरला मिळणारे पैसेही सरसकट नाही, गरज बघून देणार. लोकांनी दोन दिवसात त्याला नाव पाडलं, डिमेन्शिया टॅक्स. आजींना डिमेन्शिया नव्हता, पण त्यांच्या बहिणीला होता, आणि त्या मला चहाच्या कपावर म्हणाल्या की कॅन्सर झाला तर हॉस्पिटल फुकट आणि विसरायला लागले तर घर जाणार, हे कुठलं. मी अकाउंट्समधे काम करते, मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं की सध्याच्या नियमात केअर होममधे जायची वेळ आली तर घर तसंही धरतात आणि जेमतेम २३,२५० पौंडांपर्यंतच रक्कम राखतात, म्हणजे काही लोकांना नवीन योजना उलट बरी होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग निवडणुकीच्या तीन आठवडे आधी हे मला घाबरवून का सांगतायत. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्या मतांवर बहुमत वाढवायचं त्यांच्याच दारात जाऊन घराचा हिशोब मागायचा, तोही कोणाशी चर्चा न करता लिहिलेल्या चार ओळींच्या जोरावर, याला मी तरी राजकारणातला शहाणपणा म्हणत नाही.

आणि मग आला २२ मे, सोमवार. तो दिवस मला तासातासाने आठवतो. मे बाईंनी जाहीर केलं की केअरच्या खर्चावर कमाल मर्यादा ठेवू, म्हणजे चार दिवसांत माघार, आणि पत्रकारांनी विचारल्यावर म्हणाल्या काहीच बदललेलं नाही. संपूर्ण प्रचार एकाच घोषणेवर चाललेला, स्ट्राँग अँड स्टेबल, खंबीर आणि स्थिर, दिवसातून किती वेळा ते कानावर पडायचं, आणि सगळ्या देशासमोर त्या आपलंच वाक्य मागे घेतायत आणि घेतलं नाही असंही म्हणतायत. त्याच रात्री नावनोंदणीची मुदत संपली. आणि त्याच रात्री मँचेस्टरला कॉन्सर्ट संपताना बॉम्ब फुटला, २२ जण गेले, त्यात लहान मुलं होती. प्रचार थांबला. मी लेकीला रात्री उचलून आमच्या पलंगावर आणलं, ती झोपेतच होती.

३ जूनला लंडन ब्रिजवर पुन्हा हल्ला, आठ जण गेले. त्यानंतर लोक विचारायला लागले की २०१० पासून वीसेक हजार पोलीस कमी झाले ते कोणी केले, आणि २०१० ते २०१६ गृहमंत्री मे बाईच होत्या. लेबरचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना आमच्या ऑफिसमधे कोणीच मोजत नव्हतं, पण ते गावोगाव सभा घेत फिरत होते, कॉलेजची फी माफ करू म्हणत होते, तर मे बाई टीव्हीवरच्या डिबेटला आल्याच नाहीत, गृहमंत्री अँबर रड यांना पाठवलं, ज्यांचे वडील दोनच दिवसांपूर्वी वारले होते. ते बघून माझा नवरा, जो कधी राजकारणावर बोलत नाही, म्हणाला की आपण स्वतः बोलावलेल्या पाहुण्यांसमोर स्वतःच यायचं नाही हे बरोबर नाही.

८ जून, गुरुवार. इथे सुट्टी नसते, केंद्र सकाळी ७ ते रात्री १०. आमचं केंद्र म्हणजे चर्चचा हॉल, एका कोपऱ्यात लहान मुलांची खेळणी ढकलून ठेवलेली, बाहेर रेलिंगला दोन कुत्री बांधलेली. दारात पक्षाचं रोझेट, म्हणजे फितीचं फूल, लावलेले लोक मतदार यादीतला नंबर विचारतात, ते सरकारी नसतात, सांगितला नाही तरी चालतं. आत टेबलावर दोन बायका, एकीने पट्टी लावून यादीतलं माझं नाव शोधलं, खोडलं, दुसरीने मतपत्रिका फाडून दिली. माझं आडनाव त्यांना उच्चारता येईना तर तिने मलाच विचारून दोनदा म्हणून पाहिलं, मला ते फार आवडलं. प्लायवूडचा बूथ, दोरीला बांधलेली आखूड पेन्सिल, फुली मारायची, घडी घालायची, काळ्या पेटीत टाकायची. तेव्हा ओळखपत्रही मागत नव्हते. बोटाला शाई नाही, बटण दाबल्याचा तो लांब बीप नाही. खरं सांगते, पहिल्यांदा मला चुकल्यासारखं वाटलं होतं, शाईचं बोट दाखवल्याशिवाय मत दिल्यासारखंच वाटत नाही. पेन्सिलीबद्दल आपले लोक फार शंका काढतात, खोडून टाकतील म्हणून. स्वतःचं पेन नेता येतं, कोणी अडवत नाही. गर्दी अजिबात नव्हती, दारातून आत जाऊन परत बाहेर यायला मला चार मिनिटं लागली. आजींना मी हाताला धरून नेलं. कोणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण परत येताना म्हणाल्या की पन्नास वर्षांत पहिल्यांदा आत उभं राहून विचार करावा लागला.

रात्री १० ला बिग बेनचे टोल आणि एक्झिट पोल एकदमच. ही सेवेची दुसरी बाजू, टीव्ही चॅनलची, पण मला ती वेगळी काढता येत नाही. आपल्याकडे दहा चॅनलचे दहा पोल, इथे तिन्ही मोठी चॅनल मिळून एकच करतात, दीडशेच्या आत केंद्रांबाहेर, मत देऊन बाहेर आलेल्या लोकांना तशीच एक खोटी मतपत्रिका देतात आणि पुन्हा पेटीत टाकायला सांगतात, त्यामुळे लाजेखातर खोटं बोलावं लागत नाही. त्यांनी सांगितलं कंझर्व्हेटिव्ह ३१४. बहुमताला ३२६ लागतात. आम्ही वरणभाताचं ताट हातात धरून तसेच उभे राहिलो. शेवटी आले ३१७, लेबर २६२. म्हणजे तीन जागांचा फरक, आणि हे मतमोजणी सुरू व्हायच्या आत सांगितलेलं.

मतमोजणी हाताने, रात्रभर. न्यूकॅसलचा निकाल अकरा वाजून एक मिनिटाला आला, दहाला बंद झालेल्या पेट्यांचा. आमच्या हॅरो ईस्ट मतदारसंघात कंझर्व्हेटिव्हचे बॉब ब्लॅकमन टिकले, पण त्यांची आघाडी ४,७५७ वरून १,७५७ वर आली. अँबर रड ३४६ मतांनी वाचल्या. आणि केन्सिंग्टन, लंडनमधला सर्वात श्रीमंतांपैकी भाग, तिथे इतक्यांदा मोजावं लागलं की मोजणारे थकून घरी पाठवले आणि निकाल शुक्रवारी रात्री आला, लेबर २० मतांनी. वीस. आमच्या बिल्डिंगमधे जिन्यावर बसवले तर तेवढे लोक मावतात. स्कॉटलंडमधे एक जागा दोन मतांनी ठरली. माझ्या मताने काय फरक पडतो असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे सांगते.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. मे बाईंची मतं कमी झाली नव्हती, उलट साडेपाच टक्क्यांनी वाढून ४२ च्या वर गेली, १९८३ नंतर त्यांच्या पक्षाची सर्वात जास्त. पण लेबर ४० ला पोचलं. छोट्या पक्षांची मतं या दोघांकडे आली आणि मे बाईंनी ज्या जागा घ्यायच्या म्हणून हिशोब केला होता त्या आल्या नाहीत, होत्या त्यातल्या १३ गेल्या. त्यातही स्कॉटलंडने त्यांना १२ जागा वाढवून दिल्या म्हणून, नाहीतर सरकारच गेलं असतं. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांचा हात धरावा लागला, त्यासाठी तिकडे एक अब्ज पौंड द्यायचं कबूल केलं. ज्या ब्रेक्झिटसाठी हात मजबूत करा म्हणून मतं मागितली, त्याचाच मे बाईंनी आणलेला करार जानेवारी २०१९ मधे पार्लमेंटने ४३२ विरुद्ध २०२ ने फेटाळला, डीयूपीचेही विरोधात. पुढे मे महिन्यात त्यांनी त्याच दारासमोर उभं राहून राजीनामा जाहीर केला, तेव्हा त्यांचा आवाज फुटला आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. कष्टाळू बाई होती. पण लोकांचं मत आपल्या सोयीच्या वेळी मागितलं तर लोक ते आपल्या सोयीने देतात, आणि ते देण्यासाठी एवढी साधी, एवढी शांत, कोणाच्या हाताखाली नसलेली सेवा सात आठवड्यांच्या नोटिशीवर उभी राहिली, याला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो यादी ऑनलाइन बघता येत नाही आणि पोस्टाचं पाकीट वेळेवर येत नाही म्हणून.

नवीन लोकांसाठी आताचं सांगते. २०२३ पासून इंग्लंडमधे फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटो तुमच्यासारखा दिसत असला की चालतो, तो घरून न्यायला विसरू नका. मतदानाचं कार्ड हरवलं तरी हरकत नाही. मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी नाव यादीत जायला हवं. तुमचं पोरगं युनिव्हर्सिटीला असेल तर त्याचं नाव दोन्ही पत्त्यांवर लावता येतं, मत मात्र पार्लमेंटसाठी एकाच ठिकाणी. आणि पंतप्रधानांना हवी तेव्हा निवडणूक लावता येईल असा कायदा २०२२ मधे परत आलाय, त्यामुळे घर बदललं की फ्रीज लावायच्या आधी ते पाच मिनिटांचं काम करून टाका.